आत कोण, बाहेर कोण

मेलबर्नमध्ये नव्याने राहायला आलेल्या माणसाला शेजारी जात विचारत नाहीत, पगार विचारत नाहीत, घर कितीला पडलं हेही विचारत नाहीत. (इथे घरांचा लिलाव रस्त्यावर होतो, त्यामुळे शेवटचा आकडा त्यांनी फाटकापाशी उभं राहून स्वतःच्या कानांनी ऐकलेला असतो.) विचारतात ते एवढंच, की तुमचा संघ कुठला? ‘मी क्रिकेट बघतो’ हे उत्तर इथे धरत नाहीत. क्रिकेट उन्हाळ्यात. मार्च ते सप्टेंबर या शहरात एकच खेळ असतो, ऑस्ट्रेलियन फुटबॉल, लाडाने ‘फुटी’. त्याच्या अठरा संघांपैकी एकाच्या नावावर तुमची नोंद झाली, की मग तुम्ही गावाला गेल्यावर तुमच्या कचऱ्याच्या डब्याकडे कोणी लक्ष देतं.

मी संघ निवडला नाही. आमच्या कुंपणापलीकडे राहणारे शेजारी एका सकाळी झाडाच्या लिंबांची पिशवी घेऊन आले. पिशवीच्या तळाशी लाल-पांढरा-काळा विणलेला मफलर होता. लिंबं ठेवून घेतली आणि मफलर परत केला, असं काही करता येत नाही. आम्ही सेंट किल्डाचे झालो.

सेंट किल्डा म्हणजे काय हे मला नंतर कळलं. व्हिक्टोरियातली ही लीग १८९७ साली सुरू झाली आणि आमच्या संघाने आपले पहिले ४८ सामने ओळीने हरून दाखवले. पहिला विजय १९०० साली मिळाला, तोही तक्रार अर्जावर. मेलबर्न संघाशी सामना बरोबरीत सुटला होता. एका क्वार्टरची घंटा झाल्यावर समोरच्यांना मिळालेला गुण धरू नये, असा अर्ज झाला, तो मंजूर झाला आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. अर्ज करून जिंकणारा संघ म्हटल्यावर मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या मनात आपलेपणा दाटून येणारच. तळाला राहणाऱ्या संघाला इथे ‘लाकडी चमचा’ मिळाला असं म्हणतात. आमच्याकडे २७ आहेत, आणि इतके दुसऱ्या कोणाकडेही नाहीत.

कप मात्र एकच. १९६६. त्याची कथा सांगायची तर आधी खेळाचे गुण सांगायला हवेत. मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूही लंबगोल, आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथाडला की गोल, सहा गुण. नेम चुकून बाजूच्या खांबाआतून गेला तर ‘बिहाइंड’, एक गुण. नेम चुकल्याबद्दल गुण देणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. १९६६च्या अंतिम सामन्यात कॉलिंगवूडशी बरोबरी असताना शेवटच्या मिनिटांत बॅरी ब्रीन नावाच्या खेळाडूने एक वेडीवाकडी लाथ मारली, नेम चुकला, एक गुण मिळाला आणि आम्ही ७४ विरुद्ध ७३ असे जिंकलो. पुढे २०१० साली, पुन्हा अंतिम सामन्यात, पुन्हा कॉलिंगवूडशी, शेवटच्या क्षणांत चेंडू आमच्या स्टीव्हन मिल्नच्या समोर टप्पा खाऊन भलतीकडे उडाला आणि एकच गुण देऊन गेला. ६८-६८. आठवड्याने सामना पुन्हा खेळवला, त्यात ५६ गुणांनी हरलो. म्हणजे आमचं वैभव आणि आमचं दुःख, दोन्ही चुकलेल्या नेमाची देणगी. शेजारी १९६६ साली शाळकरी पोर होते. त्यानंतर ते वाट बघत आहेत.

वाट बघण्याचा दिवस गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी संघ जाहीर होतात. कागदावर तीन-तीन नावांच्या सहा ओळी: बॅक, हाफ-बॅक, सेंटर, हाफ-फॉरवर्ड, फॉरवर्ड, आणि कुठेही पळायची मुभा असलेले तिघे. शिट्टी झाल्यावर या जागांवर कोणीही उभं राहत नाही, अठराच्या अठरा चेंडूमागे धावतात. पण यादी याच पद्धतीने छापतात, कारण पूर्वापार तशीच छापतात. लोक मात्र या सहा ओळी वाचतच नाहीत. त्यांचा डोळा जातो तो खालच्या दोन शब्दांकडे: आत आणि बाहेर. कोण आत आला, कोण बाहेर गेला, आणि कंसात का. ‘दुखापत’ असेल तर लोक हळहळतात. ‘वगळला’ असेल तर सुखावतात. ‘मॅनेज्ड’ असेल तर खवळतात, कारण त्याचा अर्थ माणूस धडधाकट आहे, कोचने त्याला विश्रांती दिली आहे, आणि ज्याने आयुष्यात नळाची तोटी बदलण्यापलीकडे अंगमेहनत केली नाही अशा माणसाला दुसऱ्याची विश्रांती अजिबात सहन होत नाही.

आमच्या कुंपणापाशी गुरुवारी जी समिती भरते तिच्यात शेजारी, मी आणि कोपऱ्यावरचा प्लंबर असतो. प्लंबर मेलबर्न संघाचा. मेलबर्न शहराचा संघ मेलबर्न, म्हणजे शहरभर त्याचे चाहते असतील असं वाटेल, तसं नाही. मेलबर्नचे चाहते म्हणजे गडगंज लोक, हिवाळ्यात सामने टाकून भल्या मोठ्या गाड्यांतून बर्फात घसरायला जाणारे, असा एक समज आहे. आमच्या प्लंबरला हा टोमणा फार लागतो. पण गल्लीत भली मोठी गाडी फक्त त्याच्याच दारात आहे, आणि मेलबर्नमध्ये प्लंबरला एकदा घरी बोलावलं की ती कशी आली हेही कळतं.

समितीचं कामकाज वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने चालतं. जे खेळले त्यांच्यावर चर्चा करायला पुरावा असतो, म्हणून ती लवकर संपते. सगळा वेळ जातो तो जे खेळले नाहीत त्यांच्यावर. २०२५च्या हंगामात आमचा उंच फॉरवर्ड मॅक्स किंग गुडघ्याच्या दुखण्यामुळे एकही सामना खेळू शकला नाही, त्यामुळे त्याचा खेळ उत्तरोत्तर बहरत गेला. एप्रिलमध्ये शेजारी म्हणत, किंग असता तर सामन्याला दोन गोल जास्त झाले असते. जूनमध्ये चार. जुलै उजाडेपर्यंत किंग एकहाती सामने फिरवत होता, उंच चेंडू झेलत होता, एवढंच नव्हे तर बाकीच्यांचे बचावातले दोष झाकत होता, आणि हे सगळं घरी बसून, पाय उशीवर ठेवून. त्याच्या नावावर त्या वर्षी एकही चूक नाही. हे भाग्य मैदानात उतरलेल्या कुणाच्या वाट्याला यायचं नाही.

तर अशा या जुलैत माझे सासरे, म्हणजे अप्पा, दादरहून आले.

अप्पा बँकेतून निवृत्त झालेले, पण त्यांची खरी कारकीर्द शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरची. निवड समिती या विषयात त्यांचा अधिकार मोठा. १९७१ साली विजय मर्चंटनी अध्यक्षाचं निर्णायक मत टाकून पतौडीऐवजी वाडेकरला कप्तान केलं, ते मत मर्चंटनी टाकलं हे इतिहासात आहे. ते टाकावं असं कट्ट्यावर आधी ठरलं होतं, हे अप्पांकडून कळतं. मात्र त्यांच्या काळजातली जखम एकच: पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि कसोटी एकही नाही, कारण डावखुरा फिरकी गोलंदाज एक होता संघात, बिशनसिंग बेदी, आणि एका संघात दोन कशाला? हरयाणाच्या राजिंदर गोयलचंही तेच झालं. अप्पा इथे आले त्याच वर्षी मार्चमध्ये शिवलकर गेले. अप्पा मेलबर्नला आले ते त्या बातमीचं कात्रण पासपोर्टच्या पाकिटात घालून. विमानतळावरून येताना गाडीत त्यांनी नातवाची चौकशी केली, लेकीची केली, आणि मग बेदी भारताच्या ज्या ज्या कसोटीत महागात पडला त्या एकेक करून सांगितल्या. घर आलं तेव्हा आम्ही १९७४च्या इंग्लंड दौऱ्यावर होतो.

पहिल्याच गुरुवारी मी त्यांना कुंपणापाशी नेलं. एमसीजीचं, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडचं नाव निघताच ते खुलले. ‘‘एक्याऐंशी साली गावसकर चेतन चौहानला घेऊन बाहेर निघाला होता ते तुमचंच मैदान ना? आणि मग कपिलने पाच काढले, त्र्याऐंशीत गुंडाळलं तुम्हाला.’’ शेजाऱ्यांनी मान्य केलं. मग अप्पांनी २०२० काढलं. ‘‘ॲडलेडला छत्तीस धावा. छत्तीस! आणि आठवड्यात इथे चार बदल. कोहली रजेवर, शमी जायबंदी, शॉ आणि साहा बाहेर. गिल, सिराज, पंत, जडेजा आत. आणि आपला अजिंक्य, एकशे बारा. आठ विकेटने जिंकलो. याला म्हणतात बदल.’’ शेजाऱ्यांनी चहाचा कप कुंपणाच्या खांबावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांत, बऱ्याच वर्षांनी बरोबरीचा माणूस भेटल्याचा आनंद होता.

खेळ समजावून सांगायची मी तयारी केली होती. अप्पांनी तिची गरज ठेवली नाही. हा खेळ १८५८च्या सुमाराला टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने, क्रिकेट खेळणारी मंडळी हिवाळ्यात सुस्तावू नयेत म्हणून काढायला लावला, एवढं मी सांगताच ते म्हणाले, ‘‘म्हणजे क्रिकेटच्याच हद्दीतला.’’ आणि हद्द ठरल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला:

‘‘बाहेर कोण बसलंय?’’

शेजाऱ्यांनी मॅक्स किंगचं नाव सांगितलं. अप्पांनी त्याला एक पाऊल टाकताना पाहिलेलं नव्हतं. ‘‘अन्याय आहे,’’ ते म्हणाले.

‘‘अप्पा, अन्याय नाही. गुडघा दुखावलाय त्याचा.’’

‘‘जावईबापू, गुडघा ही सबब असते. आत काहीतरी राजकारण असणार.’’

२७ जुलैच्या रविवारी आमचा सामना मेलबर्नशी होता, डॉकलंड्सच्या छप्पर असलेल्या स्टेडियमवर. आम्ही चौघे निघालो: शेजारी, प्लंबर, अप्पा आणि मी. बायकोने अप्पांसाठी पोळीभाजीचे रोल दिले होते, कारण इथे सामन्यात सगळे मांस भरलेला गरम ‘मीट पाय’ टोमॅटो सॉस ओतून खातात आणि त्यात नेमकं काय असतं हे खाणारेही विचारत नाहीत. स्टेशनवरून पुलाने स्टेडियमकडे जाताना दोन्ही संघांचे लोक खांद्याला खांदा लावून चालत होते, आत बसलेही शेजारी शेजारीच. अप्पांना याचं आश्चर्य वाटलं. पोलीस नाहीत, जाळ्या नाहीत. मी म्हटलं, इथे लोक समोरच्या संघावर चिडत नाहीत, सगळा राग आपल्याच संघासाठी राखून ठेवतात. ‘‘मुंबईकरच म्हणायचे,’’ अप्पा म्हणाले.

शेजाऱ्यांनी दारात सामन्याचं छापील पुस्तक विकत घेतलं. त्यात दोन्ही संघांची नावं नंबरांसह असतात. खेळाडू चुकला की त्याच्या नावावर काट मारायची, ही त्यांची पद्धत. ते पेन्सिल वापरतात. सेंट किल्डाच्या माणसाला पेन्सिल पुरते, शाईची हिंमत जिंकणाऱ्यांनी करावी. अप्पांनी दुसरी प्रत घेतली आणि खिशातून बॉलपेन काढलं. चाळीस वर्षं बँकेत काढलेला माणूस पेन्सिलीने काही नोंदवत नाही.

पहिल्या क्वार्टरभर अप्पा चेंडूच्या उड्या बघत होते. लंबगोल चेंडू टप्पा घेऊन एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे, एकदा आला तसाच परत. ‘‘हा चेंडू जावयासारखा आहे,’’ त्यांनी शेजाऱ्यांना इंग्रजीत सांगितलं. ‘‘आपटल्यावर कुठे जाईल सांगता येत नाही.’’ शेजाऱ्यांना दोन जावई आहेत. ते इतके हसले की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं.

अप्पांना सगळ्यात विचित्र वाटली ती बाकावरची ये-जा. क्रिकेटमध्ये बाहेर म्हणजे बाहेर. इथे खेळाडू दमला की बाहेर येतो, दुसरा आत जातो, पाच मिनिटांनी पहिला पुन्हा आत. एका संघाला सामन्यात अशा ७५ अदलाबदली करता येतात. ‘‘पंच्याहत्तर?’’ अप्पा हबकले. ‘‘अहो, आमच्याकडे एक बदल करायला निवड समितीचे सहा महिने जातात.’’ मग त्यांना कळलं की बाकावर आणखी एक माणूस असतो, तेविसावा. २०२३ ते २०२५ या हंगामांतल्या नियमाने त्याला राखीव म्हणून बसवायचं आणि कोचला वाटलं तरच, एकदाच, कोणाच्या तरी जागी कायमचं आत पाठवायचं. ‘‘आणि नाही वाटलं तर?’’ नाही वाटलं तर तो बसून राहायचा. अप्पांनी दुर्बीण मागून घेतली आणि तो माणूस शोधायला सुरुवात केली. पुढचा बराच वेळ मैदानात काय चाललंय यात त्यांना रस नव्हता. इतक्या लांबच्या देशात त्यांना शिवलकर सापडला होता.

मैदानात जे चाललं होतं ते न पाहण्यासारखंच होतं. तिसरा क्वार्टर संपल्याचा भोंगा झाला तेव्हा आम्ही ४६ गुणांनी मागे होतो. या लीगच्या इतिहासात शेवटच्या क्वार्टरला इतकं मागे असलेला संघ कधीही जिंकलेला नव्हता. लोक उठून निघू लागले. आमच्या समितीने तोवर काम उरकत आणलं होतं. शेजाऱ्यांच्या पुस्तकात सात नावांवर पेन्सिलीची काट होती. अप्पांच्या पुस्तकात अकरा, निळ्या शाईने, पट्टी धरल्यासारखी सरळ. कोच रॉस लायन यांचं नाव खेळाडूंच्या यादीत नसतं, म्हणून शेजाऱ्यांनी ते समासात स्वतः लिहिलं आणि मग त्यावर काट मारली. हे लायन आम्हाला २००९ आणि २०१०च्या अंतिम फेरीत घेऊन गेले, २०११ला अचानक दुसऱ्या संघाकडे निघून गेले आणि २०२३च्या हंगामासाठी परत आले. शेजाऱ्यांच्या मते त्यांचं जाणं आणि येणं या दोन्ही निवडी चुकल्या.

प्लंबर गप्प होता. पुढे असलेल्या संघाचा माणूस शहाणा असेल तर गप्पच राहतो. पण त्यालाही राहवलं नाही. ‘‘आम्हीसुद्धा दोघं बदलायला हवेत,’’ तो हळूच म्हणाला. ४६ने पुढे असताना!

आणि मग जे झालं ते सांगताना शेजारी अजून उभे राहतात. आमची पोरं धावू लागली. का, ते त्यांनाच ठाऊक. एक गोल, मग दुसरा, मग आणखी. निघालेले लोक जिन्यातून परत यायला लागले, ज्यांनी मोबाइलवर स्कोअर बघितला ते स्टेशनच्या पुलावरून उलटे वळले. मध्यात नसाया वॉनगनीन-मिलेरा नावाचा पोरगा होता. हा मूळचा ॲडलेडचा. त्याचा करार त्या हंगामाअखेर संपणार होता, आणि तो घरी निघून जाणार या धास्तीने सेंट किल्डाची माणसं महिनोन्‌महिने नीट झोपली नव्हती. तो आधी हाफ-बॅकला खेळायचा. त्याला मध्यात आणायला हवं असं शेजारी म्हणत. त्याला मध्यात आणल्यापासून, हाफ-बॅक उघडी पडली असं म्हणत. आता त्या पोराने चेंडू झेलला, गोल मारला आणि सामना बरोबरीत आणला. घड्याळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सेकंद उरले.

इथे नियम उपयोगी पडला. २०१९पासून, मध्यातून चेंडू उडवताना दोन्ही संघांचे मैदानाच्या तिन्ही भागांत सहा-सहाच खेळाडू हवेत. मेलबर्नची मोजणी चुकली. त्यांना आधी एकदा ताकीद मिळाली होती. फ्री किक आमच्या रोवन मार्शलला. त्याने चेंडू पुढे उडवला, वॉनगनीन-मिलेराने तो झेलला, भोंगा वाजला, आणि भोंग्यानंतर त्याने शांतपणे गोल मारला. सहा गुणांनी विजय. तिसऱ्या क्वार्टरनंतर ४६ गुण भरून काढायचा, लीगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराक्रम.

‘‘मोजणी!’’ अप्पा ओरडत होते. ‘‘माणसं मोजता येत नाहीत यांना! १९०० साली अर्जावर, आज मोजणीवर!’’ शेजाऱ्यांनी त्यांना मिठी मारली. अप्पांच्या माकडटोपीचा गोंडा सॉसमध्ये बुडाला.

मग शेजारी खाली बसले, खिशातून खोडरबर काढला आणि सातही नावं एकेक करून पुन्हा संघात घेतली. शेवटच्या नावावर खोडरबर थोडा थबकला. अप्पांची पंचाईत झाली. शाई खोडता येत नव्हती. पण बँकेतला माणूस अडत नाही. त्यांनी अकरा नावं समासात पुन्हा लिहिली आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी छोटी सही केली, तारीख घालून.

परतीच्या गाडीत मला वाटलं होतं, आज तरी निवडीचा विषय निघणार नाही. इतिहासात न झालेलं काही करून दाखवलेल्या संघात काय बदलायचं? पहिल्या स्टेशनपर्यंत खरंच कोणी बोललं नाही. दुसऱ्या स्टेशनवर शेजारी म्हणाले, ‘‘तीन क्वार्टर आपण भिकार खेळलो, हे विसरून चालणार नाही.’’

डब्यातली वीसेक माणसं जणू याचीच वाट बघत होती. एका आजोबांनी १९९३ काढलं. एसेन्डनचा डेरेक किकेट त्या मोसमात एकही सामना न चुकवता खेळला, आणि अंतिम सामन्याला कोच केविन शीडीने त्यालाच वगळलं. एसेन्डन जिंकलं. किकेट दुसऱ्या वर्षी सिडनीला गेला. ‘‘म्हणजे वगळणं बरोबर होतं,’’ कोणीतरी म्हणालं. ‘‘बरोबर होतं, पण अन्याय होता,’’ आजोबा म्हणाले. अप्पांनी हे वाक्य खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतलं.

रिचमंडच्या मफलरातल्या एका मुलीने मार्लियन पिकेट सांगितला. २०१९चा अंतिम सामना, आदल्या आठवड्यात एकाचा खांदा दुखावला म्हणून जागा झाली, आणि रिचमंडने तोपर्यंत लीगचा एकही सामना न खेळलेल्या सत्तावीस वर्षांच्या पिकेटला थेट फायनलमध्ये उतरवलं. १९५२नंतर असं पदार्पण कोणाचं झालं नव्हतं. रिचमंड ८९ गुणांनी जिंकलं. आता इतकी वर्षं झाली तरी दर गुरुवारी कुठल्या ना कुठल्या संघाचा माणूस आपल्या दुय्यम संघातल्या पोराकडे बोट दाखवून म्हणतो, ‘हा आमचा पिकेट.’ हे मला फार घातक वाटतं. एक पिकेट निघाला म्हणून शंभर जणांच्या नावाने छाती पिटायची सोय झाली.

पण खरी कथा प्लंबरने सांगितली. तो हरलेला होता, त्यामुळे खोल गेला होता. १९७०, एमसीजी, १,२१,६९६ प्रेक्षक. मध्यंतराला कार्लटन ४४ गुणांनी मागे. कोच रॉन बरासी यांनी टेड हॉपकिन्स नावाच्या बदली खेळाडूला उतरवलं. त्याने चार गोल मारले आणि कार्लटन दहा गुणांनी जिंकलं. ‘‘आणि हाच हॉपकिन्स,’’ प्लंबर म्हणाला, ‘‘पुढे चॅम्पियन डेटा काढणाऱ्यांपैकी एक झाला.’’ चॅम्पियन डेटा म्हणजे लीगमध्ये कोणी किती लाथा मारल्या, किती झेलल्या, किती वेळा चेंडू गमावला याची मोजदाद ठेवणारी कंपनी. आज चाहते ज्या आकड्यांनी एकमेकांची डोकी फोडतात ते आकडे गोळा करायची सोय बाकावर बसवलेल्या माणसाने करून ठेवली. मला हे पटलं. अर्धा फायनल बसून काढल्यावर, आत असलेले नेमकं काय करताहेत ते मोजावंसं वाटणं स्वाभाविक आहे.

अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘शिवलकरने कंपनी काढायला हवी होती.’’

दहा दिवसांच्या आत मेलबर्नने २०२१ला ५७ वर्षांनी कप मिळवून देणाऱ्या कोचला, सायमन गुडविनना, काढून टाकलं. प्लंबर दोन दिवस कुंपणापाशी आला नाही. आला तेव्हा म्हणाला, चांगला माणूस होता, ठेवायला हवा होता. याच प्लंबरने मे महिन्यापासून त्यांच्या राजीनाम्याची मागणी लावून धरली होती. बाहेर गेल्याबरोबर गुडविन यांचाही खेळ सुधारला. त्याच सुमाराला वॉनगनीन-मिलेराने सेंट किल्डातच राहायचं ठरवलं. गल्लीत दिवाळी झाली. तिसऱ्या दिवशी शेजारी म्हणाले, एवढे पैसे एकाच पोराला दिल्यावर बाकीच्यांचं काय?

चिरंजीव शनिवारी सकाळी ऑसकिकला जातात. ही लहान मुलांची शिकवणी. इथे सगळी मुलं खेळतात, कोणाला वगळत नाहीत, आणि गुण मोजत नाहीत. अप्पा एकदा बघायला आले आणि अस्वस्थ झाले. गुण नाहीत हे एकवेळ ठीक. पण बाहेर कोणीच नाही? मग बोलायचं कशावर? मैदानाच्या कडेला बाकीचे पालकही कॉफीचे कप धरून असेच हरवल्यासारखे उभे होते. शेवटी एका बाबाने पिवळ्या बुटांचा मुलगा पुढे खेळायला हवा, असं मत मांडलं आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. अप्पांनी नातवाला हाफ-बॅकला हलवलं.

ऑगस्टअखेर अप्पा दादरला परत गेले. मफलर घेऊन गेले, सह्या केलेलं पुस्तकही. आता दर गुरुवारी त्यांचा फोन येतो. इथली संध्याकाळ म्हणजे तिकडची दुपार. पूर्वी या वेळी ते वामकुक्षी घेत, आता कट्ट्यावर माणसं जमवून बसतात. मी आत-बाहेर वाचून दाखवतो, ते मोठ्याने सांगतात, मागून गलका ऐकू येतो. तिथे एकानेही हा खेळ पाहिलेला नाही, तरी दोन तट पडले आहेत, आणि त्यांतल्या दोघांचं आपसात बोलणं बंद आहे.

परवा अप्पांनी फोनवर हात ठेवून कोणाशी तरी वाद घातला आणि मग मला विचारलं, ‘‘अहो, इथे विचारतायत, तो तुमचा मॅक्स किंग डावखुरा आहे का?’’

‘‘का हो?’’

‘‘असेल तर उलगडा होतो. संघात आधीच एखादा असणार.’’